नकार ऐकण्याची तयारी

१८९३ साली नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. आजही ती गाडी भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया करत छत्तीसगडात शिरते. डब्यात त्यांना एक गोरा मिशनरी भेटला. बोलणे काव्यावरून सुरू झाले आणि धर्मावर आले. निरोप घेताना त्या माणसाने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवली, ‘वाचा’ म्हणाला, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही करून टाकले. टिळक चित्पावन ब्राह्मण, कवी, मानी स्वभावाचे. पुस्तक वाचायचे त्यांनी कबूल केले आणि शब्द पाळला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो देणारे पाळक होते रेव्हरंड तुकारामजी नाथोजी. हात गोऱ्या साहेबाचा नव्हता, मराठी माणसाचा होता.

ख्रिस्ती मंडळींच्या सभांमधून ही गोष्ट पुष्कळदा सांगितली जाते, ती बहुधा भाकीत खरे ठरले म्हणून. पण त्या प्रवाशाने काय केले नाही, इकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्याने नोकरी देऊ केली नाही, टिळकांच्या देवांची निंदा केली नाही आणि पुस्तक दिल्यावर त्यांच्या मागे हात धुऊन लागला नाही. त्याला वाटत होते ते त्याने एका अनोळखी माणसाला स्पष्ट सांगितले आणि पुढचे ज्याचे त्याच्यावर सोडले. बोलण्यातला धीटपणा आणि बोलून झाल्यावरचा निवांतपणा असे दोन्ही गुण त्याच्यापाशी होते. दुसरा गुण नसेल तर पहिला फार काळ टिकत नाही.

टिळकांची गाडी ज्या भंडारा जिल्ह्यातून गेली त्याच्या दक्षिण टोकाला, रेल्वेपासून बाजूला, चुलबंद नदीच्या काठी लाखांदूर आहे. धानाच्या बांध्या, माजी मालगुजारी तलाव, रोवण्याच्या दिवसांत ओस पडणारी गावे आणि दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला फुलून येणारी हीच गावे. इथे ख्रिस्ती माणूस म्हणजे बहुतेकदा बदलून आलेली परिचारिका, एखादा शिक्षक, नाहीतर शेतमजुरी करणारे एखाददुसरे घर. २०११ च्या जनगणनेत साऱ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १० लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरातही एक पुरता भरत नाही. त्यातलाही मोठा हिस्सा मुंबई, वसई, पुणे, अहमदनगरकडचा. पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतल्या तालुक्यात हे प्रमाण किती विरळ होत असेल याची कल्पना येते. अशा ठिकाणी ‘आपला विश्वास धैर्याने सांगा’ हे वाक्य व्यासपीठावरून टाकणे सोपे आहे. ते ऐकणाऱ्याला मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच पानठेल्यावर उभे राहायचे असते.

मग दोन वाटा उरतात. एक अळीमिळी गुपचिळीची: प्रार्थना दार लावून, नाताळ नातेवाइकांकडे नागपूरला, कोणी विचारलेच तर ‘आम्ही सगळेच मानतो’ असे उत्तर. दुसरी कर्ण्याची: आजार बरा करून देऊ, अडचण दूर करू, तुमच्या देवात काही नाही, आमच्यात सगळे आहे. वरून पाहता या वाटा एकमेकींच्या उलट दिशेला जातात. प्रत्यक्षात दोन्हींच्या मुळाशी समोरचा ‘नाही’ म्हणेल ही एकच धास्ती आहे. पहिल्याला तो नकार ऐकायचाच नाही म्हणून तो तोंड उघडत नाही. दुसऱ्याला तो सोसवत नाही म्हणून तो आमिष, भीती किंवा आवाज यांचा आधार घेतो. ज्याला आपल्या श्रद्धेची खात्री आहे, त्याला नकाराने काही गमावल्यासारखे वाटायचे कारण नाही.

या मुलखाला धर्माचे सांगणारे नवे नाहीत. लाखांदूरच्या शेजारच्या पवनी तालुक्याचेच पाहा. १९६९–७० च्या उत्खननात पवनीला इसवी सनापूर्वीचे बौद्ध स्तूप उघडे पडले. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी बाहेरून इथे आले, वैनगंगेच्या काठी बसले आणि लोकांना त्यांच्या रूढ समजुतींपेक्षा निराळे काही सांगू लागले. चक्रधरस्वामींचा शिष्य नीळभट्ट भांडारेकार याच भंडाऱ्याचा. विसाव्या शतकात तुकडोजी महाराजांची खंजिरी या गावांमधून वाजली. सामुदायिक प्रार्थनेची सवय त्यांनी अनेक गावांना लावली. गाडगेबाबा कीर्तनात थेट श्रोत्यांनाच प्रश्न विचारत, त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत आणि नवससायासांची खिल्ली उडवत. त्याला भावना दुखावणे असे नाव कोणी दिले नाही. मंडईच्या रात्री मंडपात नाटक चालू असते, दुसरीकडे दंडार, तिसरीकडे भजन. माणूस फिरत फिरत ज्याला ऐकायचे त्याला ऐकतो आणि उठून जातो. तेव्हा धर्माविषयी चारचौघांत बोलणे ही पाश्चात्त्य टूम आहे, आपल्याकडे हे नव्हते, हा युक्तिवाद निदान झाडीपट्टीत तरी लटका पडतो.

इतिहासाची सगळ्यात मोठी नोंद तर अगदी अलीकडची आहे. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. अडीच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपुरात त्यांनी लाखोंच्या साक्षीने बौद्ध धम्म स्वीकारला. त्या दिवशी या भागातली असंख्य कुटुंबे पायी, बैलगाडीने, रेल्वेने नागपूरकडे गेली. लाखांदूर तालुक्यात आज जवळपास प्रत्येक मोठ्या गावात विहार आणि पंचशील ध्वज दिसतो, तो त्या दिवसापासूनचा. धर्म बदलण्याचा हक्क हा इथे घटनेच्या पुस्तकातला विषय नाही. आजोबांनी काय केले, हा घरातला विषय आहे.

त्याच १९५६ सालात एक विलक्षण योगायोग दडला आहे. भंडारा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. ख्रिस्ती मिशनरींच्या कामाची चौकशी करण्यासाठी मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी. समिती १४ जिल्ह्यांत फिरली, ११ हजारांहून अधिक लोकांना भेटली आणि १९५६ मध्ये अहवाल दिला. धर्मांतर हेच ज्यांचे मुख्य उद्दिष्ट आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावे, असे त्यात म्हटले होते. ख्रिस्ती संघटनांनी अहवालावर कडक टीका केली, आणि तो आजही दोन्ही बाजूंनी हत्यारासारखा वापरला जातो. मात्र त्याच वर्षी दीक्षाभूमीवर धम्म स्वीकारणाऱ्यांत हे न्यायमूर्ती नियोगी स्वतः होते, याची आठवण कोणालाच सोयीची वाटत नाही. विचार करून, उघडपणे, कोणाच्या दबावाशिवाय धर्म बदलता येतो, हे त्यांनी स्वतःच्या आयुष्यात मान्य केले होते. त्यांचा आक्षेप दबावाला आणि आमिषाला होता, असा अर्थ यातून काढला तर तो फारसा ओढूनताणून होणार नाही.

राज्यघटनेचा प्रवासही याच मुद्द्याभोवती फिरला आहे. ६ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत धर्मप्रचाराच्या हक्कावर वाद झाला. ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांना हा हक्क नको होता. टी. टी. कृष्णम्माचारी यांनी आपला अनुभव सांगितला: चौदा वर्षे ख्रिस्ती संस्थांमध्ये शिकलो, मला बाटवण्याचा प्रयत्न कोणी केला नाही. प्रचाराचा हक्क सगळ्यांचाच आहे, आर्य समाजालाही शुद्धीसाठी तो मिळेल, असे त्यांचे म्हणणे होते. अनुच्छेद २५ मध्ये हक्क राहिला. पुढे मध्य प्रदेशाने १९६८ मध्ये धर्मस्वातंत्र्य कायदा केला. बलौदा बाजारला रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्यावर त्याखाली खटला झाला आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की आपल्या धर्माची तत्त्वे सांगण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. एच. एम. सीरवई यांच्यासारख्या घटनातज्ज्ञांनी या निकालावर बोट ठेवले. कायद्याच्या अंगाने ते रास्त असेलही. ख्रिस्ती श्रद्धेच्या अंगाने पाहिले तर मात्र या निकालात घाबरण्यासारखे फार नाही. दुसऱ्याचे मन बदलणे माणसाच्या हातात नसते, ते देवाच्या हातात असते, हे चर्च स्वतःच शिकवते. मग बदलवून दाखवण्याचा हक्क हवाच कशाला? सांगण्याचा पुरे.

इथे आक्षेप घेणाऱ्यांची बाजू नीट ऐकली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. दुष्काळात अन्न देणारा आणि धर्म सांगणारा हात एकच असेल तर भुकेलेला माणूस ‘नाही’ कसे म्हणेल? १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. त्यातल्या कित्येक मुली रमाबाई गेल्या नसत्या तर जगल्याच नसत्या. पुढे केडगावच्या मुक्तीसदनात त्यांतल्या बहुतेक ख्रिस्ती झाल्या. हे दोन्ही खरे आहे आणि दोन्ही एकत्रच वाचायला हवे.

त्याआधी, १८९३ मध्ये, पुण्यातल्या रमाबाईंच्या शारदासदन या विधवांच्या आश्रमावरून वादळ उठले होते. सदनात धर्म शिकवायचा नाही, असे ठरले होते. रमाबाई आपली प्रार्थना स्वतःच्या खोलीत करत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, ‘केसरी’ने झोड उठवली. (‘केसरी’चे टिळक वेगळे, हे सांगायला नको.) रमाबाईंचे म्हणणे होते की आपल्या खोलीचे दार लावून देवाशी बोलायला त्या चोर नाहीत. मुलींच्या पालकांचे म्हणणे होते की आमच्याशी झालेला करार हा नव्हता. रमाबाईंच्या बाजूने मन ओढ घेते. पण पालकांचा मुद्दा खोटा नव्हता. दहा-बारा वर्षांच्या विधवेला जिने छप्पर दिले, तिचे उघडे दार हे नुसते दार राहत नाही. रमाबाईंच्या धैर्याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. इंग्लंडमध्ये त्यांना बाप्तिस्मा देणाऱ्या अँग्लिकन मंडळींशीही त्या त्रैक्याच्या सिद्धांतावरून भांडल्या. कोणाचेच मुकाट्याने ऐकणे त्यांना जमले नाही. जो हक्क त्यांनी स्वतःसाठी इतक्या हट्टाने राखला, तोच आश्रितांनाही पुरेपूर मिळावा ही अपेक्षा त्यांच्याच मोजमापातली आहे.

धर्मप्रसाराची सगळ्यात अवघड परीक्षा घरात होते, आणि मराठीत तिचा अस्सल दस्तऐवज उपलब्ध आहे: नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचे सोवळे असे, की बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घरात घेतले जाई. या घरातली मुलगी, आणि नवरा एके दिवशी ख्रिस्ती झाल्याची बातमी आली. तिच्या लेखी संसार तिथे बुडाला. चार वर्षांहून अधिक काळ ती वेगळी राहिली. पुढे मुलाला घेऊन नवऱ्याकडे आली तरी सोवळे सोडले नाही. आपला स्वयंपाक वेगळा, आपले पाणी वेगळे.

टिळक तेव्हा उत्साही नवख्रिस्ती होते, पत्रांतून आणि कवितांतून जगाला ख्रिस्त सांगत होते. नवरा म्हणून त्या काळचा समाज आणि कायदा त्यांच्या बाजूचा होता. ते हुकूम सोडू शकले असते. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना दिसतो तो मात्र तापट, विसराळू, उधळ्या आणि या एका बाबतीत कमालीचा संयमी माणूस. बायकोच्या वेगळ्या चुलीला त्यांनी हात लावला नाही. जातिभेद माणसांनी केलेला आहे, देवाने नाही, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई आपल्या डोक्याने आल्या; ज्या हातचे पाणी चालत नव्हते ते चालू लागले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो टिळकांची बायको म्हणून घेतला, असे कोणी म्हणू शकत नव्हते. टिळकांनी अर्धवट सोडलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे बहुतेक सगळे लक्ष्मीबाईंनी लिहिले. वाट पाहण्याला कोणी धैर्य म्हणत नाही. चार-पाच वर्षे, एका श्रद्धेत नसताना, वाट पाहून बघावी.

गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ शेगावात, आजच्या सेवाग्रामात, राहायला गेले. तिथे मिशनऱ्यांची रांग लागे आणि गांधी सगळ्यांना एकच सांगत: गुलाब प्रवचन करत नाही, सुगंध देतो; तुम्हीही जगण्यातून सांगा, बोलू नका. हा सल्ला ख्रिस्ती लोकांत आजही फार लोकप्रिय आहे, विशेषतः ज्यांना बोलण्याची धास्ती वाटते त्यांच्यात. पण तो देणाऱ्याकडे पाहावे. ‘यंग इंडिया’, ‘नवजीवन’, ‘हरिजन’; प्रार्थनासभेनंतरची रोजची भाषणे; हजारो पत्रे. आपल्याला जे सत्य वाटले ते शब्दांत मांडण्यासाठी त्या शतकात गांधींइतके कष्ट फार थोड्यांनी घेतले असतील. माणूस गुलाब नाही, त्याला जीभ आहे. आचरण आणि बोलणे यांची फारकत करून एकालाच पवित्र ठरवले की दुसऱ्याच्या जबाबदारीतून सुटका होते, एवढेच.

खरी बोचरी टीका आंबेडकरांची आहे. त्यांनी ख्रिस्ती धर्माचा अभ्यास मनापासून केला होता, आणि धर्मांतरितांवर जे लिहिले त्यात कौतुक कमी आणि जाब जास्त आहे. चर्चमध्येही जात का राहिली? धर्मांतरित ख्रिस्ती माणूस आपल्या मागे राहिलेल्या भावंडांसाठी का लढत नाही? स्वतःच्या हक्कांसाठी तरी एकजुटीने का उभा राहत नाही? या प्रश्नांना चर्चने उत्तर दिले असते तर नागपुरातला १९५६ चा सोहळा कदाचित वेगळा झाला असता. दीक्षाभूमीच्या सावलीत राहणाऱ्या लाखांदूरच्या बौद्ध शेजाऱ्याला कोणी ख्रिस्त सांगायला गेला, तर तो हा पहिला प्रश्न विचारेल, आणि विचारायलाच हवा. कोणत्या जातीतून आलात, लग्ने कोणात करता? छातीठोक उत्तर देण्याआधी ज्याची मान थोडी खाली जाईल तोच माणूस ऐकण्यालायक समजावा.

शिवाय उघड बोलण्याला या देशात कागदी किंमत मोजावी लागते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला गेला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्ती आणि मुसलमान दलितांना अजून नाही. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोन सख्ख्या भावांपैकी बौद्ध झालेल्याच्या मुलाला शिष्यवृत्तीसाठी एक दाखला, आणि ख्रिस्ती झालेल्याच्या मुलाला तो नाही. गोंडांचा जमातीचा दर्जा धर्म बदलल्याने जात नाही, पण तोही काढून घ्यावा ही मागणी अलीकडे जोर धरते आहे. परिणाम असा की पुष्कळ घरे रविवारी एक आणि तहसील कार्यालयात दुसरी असतात. बाहेरचा वक्ता याला भेकडपणा म्हणून मोकळा होतो. मुलाची फी त्याला भरायची नसते. धर्म सांगायचे धैर्य मागणाऱ्या चर्चने या दाखल्याच्या लढाईत आपल्या माणसांच्या पाठीशी किती उभे राहिलो, हा हिशेब आधी मांडावा.

आणि सांगायचे तर कोणत्या सुरात? फादर थॉमस स्टीफन्स इंग्लंडहून गोव्यात आले आणि १६१६ मध्ये त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ ओवीत छापले गेले. अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, टिळकांनी अभंग लिहिले. स्कॉटलंडहून १८४५ मध्ये नागपूरला आलेले स्टीफन हिस्लॉप गोंडांची गीते आणि चालीरीती टिपत गावोगाव हिंडले. ऐकणे हाही त्यांच्या कामाचाच भाग होता. अखेरीस टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही त्यात जागा होती. पगारी प्रचारकाच्या शब्दावर लोक किती विश्वास ठेवतात, हे त्यांना वीस वर्षांत कळून चुकले असावे. याउलट आज तालुक्याच्या गावी येणारा सुवार्तिक पुष्कळदा हिंदीतली गाणी आणि परप्रांतीय धाटणीची आरोळी घेऊन येतो. ज्या भागात अख्खी रात्र नाटक पाहणारा रसिक आहे, ज्याच्या कानाला दंडार आणि खडी गंमत सवयीची आहे, तिथे झाडीबोलीत रंगलेला उधळ्या पुत्राचा दाखला अजून कोणी मंडईत उभा का करत नाही, याचे नवल वाटते.

उभा केला तर काही जण उठून जातील. काही जण हरकत घेतील, कदाचित कोणी पोलीस ठाण्यातही जाईल; तिथे परवान्याचा कागद दाखवावा लागेल, म्हणून तो आधीच काढून ठेवावा. प्रयोगानंतर चहाच्या टपरीवर कोणी विचारेल की तुम्हाला यासाठी किती पैसे मिळतात, कोणी विचारेल की मग आमच्या तुकडोजींचे काय. दोन्ही प्रश्नांना तिथल्या तिथे, खरे उत्तर द्यावे. आणि विचारणारा ‘बरं, येतो’ म्हणून निघाला तर त्याला निघू द्यावे. रोवण्याच्या वेळी, तलावाच्या पाण्यावरून, शाळेच्या सभेत तो पुन्हा भेटणारच आहे.